आधी दारावरची पाटी वाचा

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांचा पहिला शनिवार बऱ्याच घरांत सारखाच उजाडतो. ठिकाण कॅलिफोर्नियातले क्युपर्टिनो किंवा सनीव्हेल. 'आज बाहेरच जेवू' असे ठरते आणि सून मोबाइलवर तारे मोजू लागते. कुठे चार, कुठे साडेचार. बाबांना मधुमेह, आईला रक्तदाब. तरी दोघे निर्धास्त असतात. एवढी श्रीमंत वस्ती, एवढे स्वच्छ रस्ते, इथे कुठेही जेवले तरी काय बिघडणार?

बिघडू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या जुन्या पण आजही वापरल्या जाणाऱ्या अंदाजानुसार, त्या देशात दर वर्षी सुमारे ४ कोटी ८० लाख लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात, म्हणजे सहांतला एक. त्यातील सुमारे १ लाख २८ हजार जणांना रुग्णालयात दाखल करावे लागते. पासष्टी ओलांडलेल्यांना आणि मधुमेहींना हा धोका जास्त असतो. उलट्या सुरू झाल्या आणि साखर कमी करणारी गोळी आधीच पोटात गेली असेल, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर शरीरातील पाणी लवकर घटते. त्यातच पाहुण्यांच्या प्रवासी विम्यात जुन्या आजारांवरील खर्चाला बहुतेकदा मर्यादा असते.

तारे काय सांगतात?

तारे चव, वागणूक आणि सजावट यांविषयी सांगतात. भटारखान्यातला शीतकपाट किती अंशांवर चालतो, हे जेवणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे ते ताऱ्यांतही उतरत नाही. शिवाय सगळेच अभिप्राय खरे नसतात. बोस्टनमधील उपाहारगृहांवरील अभिप्रायांच्या अभ्यासात, त्यातील सुमारे १६ टक्के अभिप्राय संबंधित संकेतस्थळाच्या गाळणीनेच संशयास्पद ठरवल्याचे आढळले होते. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

देखण्या दर्शनी भागाचेही तसेच. अर्थतज्ज्ञ टायलर कोवेन हे वॉशिंग्टनलगतच्या सधन उपनगरांतील खाद्यजगताचे जुने अभ्यासक. चांगले आणि परवडणारे जेवण शोधायचे तर कमी भाड्याच्या जागा पाहा, असे ते सुचवतात. समोर वाहनतळ, एका बाजूला किराणा दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री, अशा बैठ्या गाळ्यांच्या रांगेतले छोटे उपाहारगृह भाड्यावर कमी खर्च करते. तिथे मालकाला नवा पदार्थ करून पाहणे परवडते. सिलिकॉन व्हॅलीत अशा रांगा जागोजागी आहेत. चव शोधायला हा सल्ला चांगला आहे. स्वच्छतेसाठी मात्र वेगळी खूण पाहावी लागते.

हिरवा, पिवळा, लाल

ती खूण दारापाशीच असते. क्युपर्टिनो आणि सनीव्हेल ज्या सांता क्लारा काउंटीत येतात, तिथे २०१४ पासून तपासणीनंतर उपाहारगृहाला रंगीत पाटी दिली जाते. हिरवी म्हणजे उत्तीर्ण. पिवळी म्हणजे गंभीर त्रुटी आढळल्या, त्यामुळे सशर्त परवानगी. लाल म्हणजे बंद. तपासणीचे अहवाल इंटरनेटवरही वाचता येतात. लॉस एंजेलिस काउंटीत १९९८ पासून ए, बी, सी अशा श्रेणी दिल्या जातात.

या पाट्यांचा उपयोग किती, यावर संशोधकांत वाद आहे. लॉस एंजेलिसमध्ये श्रेणी लागू झाल्यावर अन्नजन्य आजारांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटले, असे २००३ मधील गाजलेला अभ्यास सांगत होता. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ती आकडेवारी पुन्हा तपासली. त्याआधीच्या काळातील साल्मोनेलाच्या साथीमुळे ही घट मोठी दिसत होती, असे त्यांना आढळले. पाटी एका दिवसाच्या तपासणीचे चित्र असते, हे लक्षात ठेवलेले बरे. हिरवी पाटी ही हमी नव्हे. पण पिवळी दिसली तर अहवाल वाचावा किंवा शेजारचा पर्याय निवडावा.

बुफेपाशी थांबा

भारतीय उपाहारगृहांत शनिवार-रविवारच्या दुपारी बुफेला गर्दी असते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार गरम पदार्थ किमान ५७ अंश सेल्सिअसवर, तर थंड पदार्थ ५ अंशांवर किंवा त्याखाली ठेवावे लागतात. या दोहोंच्या मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात. भाताचे उदाहरण घ्या. 'बॅसिलस सीरियस' या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने हे विष नष्ट होत नाही. म्हणून बुफे सुरू होताच जावे. भाजी-भातातून वाफ येते आहे का, रायते बर्फावर ठेवले आहे का, हे पाहूनच ताट भरावे.

उरलेले अन्न डब्यात भरून दिले जाते. तो डबा गाडीत ठेवून पुढे खरेदीला जाणे टाळावे. दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बाहेर ३२ अंशांहून जास्त तापमान असेल तर एका तासात.

मीठ विचारा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. अमेरिकेत वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना २०१८ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. सोडियम आणि साखरेची माहितीही मागितल्यास लेखी द्यावी लागते. ती मागण्यात संकोच नको. छोट्या उपाहारगृहात असा तक्ता नसतो. तिथे सॉस वेगळा मागवावा, एक पदार्थ दोघांत घ्यावा आणि शाकाहारींनी रस्सा कशात शिजवला आहे हे विचारावे.

एवढे करूनही पोट बिघडलेच, तर भारतातून नेलेली ओआरएसची पाकिटे कामी येतात. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, जुलाबात रक्त दिसत असेल किंवा ताप ३९ अंशांच्या वर गेला असेल, तर बिलाचा विचार न करता डॉक्टर गाठावा. मधुमेहींनी साखर मोजून, गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.