कवटीतील दाब कसा ओळखावा?

बॉयलरला दाबाचा काटा असतो. तो लाल रेघेपुढे सरकला की फायरमन सावध होतो. माणसाच्या कवटीला असा काटा बाहेरून लावलेला नाही. मग आतला दाब वाढला हे ओळखावे कसे?

कवटी हाडाची, मोठ्या माणसाची कवटी फुगू शकत नाही. तीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे स्वच्छ पाणी एवढेच असते. हे पाणी पाठीच्या कण्यातले धरून सुमारे १५० मिलिलिटर. परंतु रोज अर्धा लिटर नवे तयार होते व तितकेच रक्तात मुरते. निचरा अडला, मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली, अथवा आत गाठ वाढली, की दाब चढतो. कधी यांपैकी काहीच सापडत नाही, तरी दाब चढलेलाच असतो. हा प्रकार बहुधा वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत आढळतो. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने वा टेट्रासायक्लिन जातीच्या औषधांनीही तो होऊ शकतो.

डोके दुखते, पुष्कळदा सकाळी व खोकताना अधिक. वाकले की क्षणभर अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज होतो, एकाचे दोन दिसते. आता डोकेदुखी दाखवता येत नाही. शिवणकामाच्या कारखान्यात बाईने ती सांगितली की सुपरवायझर म्हणतो, सबब आहे. घरचे म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि ती गोळी गिळून मशीनवर बसते. माझे म्हणणे असे की, पुरावा असतो. पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. डोळ्याची नस मेंदूतून येते व तिच्याभोवती मेंदूभोवतीचेच पाणी असते. दाब वाढला की डोळ्याच्या तळाशी नसेचे तोंड सुजते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टरला ते दिसते. हाच आपला काटा! क्वचित तो सुजेविना फसवतो, ही गोष्ट निराळी.

सूज दिसली तर प्रथम रक्तदाब मोजावा, कारण तो फार चढला तरी अशीच सूज येते. मग विलंब न लावता मेंदूचा व त्यातील शिरांचा स्कॅन. त्यानंतरच पाठीतले पाणी काढून दाब मोजतात. क्विंके या डॉक्टरने १८९१ साली ही रीत रूढ केली. हा क्रम उलटवू नये. आत मोठी गाठ असताना खालून पाणी काढले, तर मेंदू कवटीच्या तळच्या भोकाकडे ओढला जाऊन जीव जाऊ शकतो. कुशीवर निजवून मोजलेला दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरहून जास्त भरला, तर मोठ्या माणसात तो वाढलेला समजतात.

कारण सापडले तर उपचार त्या कारणावर. न सापडल्यास वजन उतरवणे व ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या. नजर झपाट्याने जाऊ लागली तर शस्त्रक्रिया. नजर बहुधा कडेकडून जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. म्हणून भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली एवढ्यावर घरी परतू नका. कडेची नजर मोजण्याची वेगळी तपासणी असते, ती मागून घ्या.