‘प्रशासकीय खर्चा’तली माणसं

मार्च संपला की लहान संस्थांच्या कार्यालयात एकच धांदल असते. व्हाउचरं लावायची, पासबुकं भरून आणायची, निधी देणाऱ्यांना विनियोग प्रमाणपत्रं पाठवायची आणि वर्षभर काय केलं ते अहवालाच्या चार पानांत कोंबायचं. २०२१ मध्येही तेच चाललं होतं. फक्त सरलेलं वर्ष त्या चार पानांत मावत नव्हतं.

आदल्या पाडव्याला, २५ मार्च २०२० रोजी, कोरोना महामारीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली होती. आता पुन्हा पाडवा तोंडावर आला होता. राज्यात दिवसा जमावबंदी, रात्री संचारबंदी आणि शनिवार-रविवार कडक निर्बंध होते. आमची संस्था जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात काम करते. सहा-सात माणसं, एक भाड्याची खोली आणि दोन मोटारसायकली एवढाच बारदाना. काम मुलांच्या शिक्षणाचं आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांबरोबरचं. वर्षाचा ताळेबंद मांडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. संकटात सगळ्यात उपयोगी पडला तो खर्च कागदावर ‘प्रशासकीय’ म्हणून पडतो, आणि नेमका तोच द्यायला कोणी तयार नसतं.

भट्टीवर कोण गेलंय?

भात झोडून झालं, दिवाळी उरकली की इथली वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याण, उरणकडच्या भट्ट्यांवर जातात. बहुतेकांनी भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच बयाणा उचललेला असतो. घरात दाणा नसतो, कोणी आजारी असतं, कुणाचं लग्न असतं. ती उचल पुढे विटा पाडून फेडायची. आठवड्याला मीठ-मिरचीपुरती खर्ची मिळते. खरा हिशेब हंगामाच्या शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर. टाळेबंदी लागली ती ऐन हंगामात. उचल पुरती फिटलेली नव्हती आणि हिशेबाला अजून दोन महिने अवकाश होता. ‘आता तुम्ही जा’ म्हणणारे मालक होते, तसे ‘पैसे फिटल्याशिवाय कुठे निघालात?’ असं दरडावणारेही होते.

या माणसांची अडचण अशी, की ती कुठल्याच यादीत नसतात. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता. मोखाड्याहून भिवंडीला गेलेलं कुटुंब राज्याची हद्द ओलांडत नाही. वसईला गेलेलं तर जिल्ह्याचीही नाही. १ मे २०२० पासून श्रमिक रेल्वे सुटू लागल्या त्या परराज्यातल्या मजुरांसाठी. आमची माणसं घाटरस्त्याने, मिळेल त्या टेम्पोने, नाहीतर पायी निघाली.

त्या दिवसांत तालुक्यात एक दोनशे पानी वही कामाला आली. आमची एक कार्यकर्ती दर दिवाळीनंतर पाड्या-पाड्यावर फिरून त्यात लिहिते: कुठलं कुटुंब गेलं, कुठल्या भट्टीवर, बरोबर मुलं किती, भट्टीवर कुणाचा फोन लागतो. मुलं शाळेतून कधी गळतात हे कळावं, एवढाच त्या वहीचा हेतू होता. टाळेबंदीत पोलिसांना प्रवासाच्या परवान्यासाठी नावं हवी होती, तहसील कार्यालयाला अडकलेल्यांची संख्या हवी होती, देणगीदारांना ‘लाभार्थी’ हवे होते. सगळ्यांची गरज त्याच वहीने भागवली. वहीची किंमत तीस-चाळीस रुपये असेल. ती लिहिणारीचा पगार मात्र कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सुखाने बसत नाही.

किट आणि नमुना ४

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत पैसा आला, आणि भरपूर आला. पण तो वस्तूंसाठी होता. तांदूळ पाच किलो, तूरडाळ, तेल, मीठ, हळद-तिखट, साबण. खोलीत पोती उतरवली की आम्ही सगळे पिशव्या भरायला बसायचो. देणाऱ्याच्या नावाचा फलक आधी यायचा, किराणा मागाहून. फोटो अटीतच असायचा. म्हाताऱ्या बाया फोटोच्या वेळी पदर पुढे ओढून घ्यायच्या. शेवटी आम्ही ठरवलं, फोटो फक्त पोत्यांचा. काही देणगीदारांना ते पटलं, काहींना नाही.

किटची गरज होती, यात शंका नाही. चूल पेटायची थांबली होती. तरीही साधा गुणाकार करून पाहण्यासारखा आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कार्डधारकांना केंद्राने एप्रिल ते नोव्हेंबर २०२० असे आठ महिने माणशी पाच किलो धान्य मोफत दिलं, नेहमीच्या कोट्याखेरीज. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो, म्हणजे आठ महिन्यांत २०० किलो. आमच्या पिशवीत तांदूळ पाच किलो. पण घरात आलेल्या सुनेचं नाव कार्डावर नसेल, तर तिच्या वाट्याचे ४० किलो गेले. एका आजीने किट हातात घेतलं आणि आमच्या कार्यकर्तीला म्हणाली, “बाय, हे पंधरा दिसांत सरंल. सुनेचं नाव तेवढं कार्डावर चढवून दे.” वर्षभरात आम्हाला मिळालेला हा सगळ्यात नेमका सल्ला.

नाव चढवायला काय लागतं? माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, आधार, अर्ज, तहसीलला दोन-तीन हेलपाटे, आणि मध्ये कागद अडला तर तो कुठे अडलाय हे विचारणारं माणूस. रोजगार हमीचंही तसंच. जॉबकार्ड आहे म्हणून काम मिळत नाही. नमुना ४ भरून काम मागावं लागतं आणि तारखेची पोच घ्यावी लागते. त्या पोचेपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याचा हक्क लागू होतो. पोच नसेल तर हक्कही नाही. २०२०-२१ या आर्थिक वर्षात राज्यात हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. १ एप्रिल २०२१ पासून ती २४८ झाली. शंभर दिवस काम मिळालं, तर २३८ च्या दरानेही घरात २३,८०० रुपये येतात. एवढ्या रकमेचं किट आजवर कोणी वाटलेलं ऐकिवात नाही. आणि ते पैसे गावातच मिळाले, तर पावसाळ्यात बयाणा उचलायची वेळ टळू शकते.

म्हणजे पाच किलो तांदूळ पोहोचवणं हा ‘कार्यक्रम खर्च’, आणि २०० किलो मिळवून देणाऱ्या कार्यकर्तीचं पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज आणि पगार हा ‘प्रशासकीय खर्च’. हिशेबाची ही उलटापालट एरवीही होती. महामारीच्या वर्षात ती उघडी पडली.

त्याच वर्षात बदललेले नियम

याच वर्षात संस्थांच्या पैशाचे नियमही बदलले. परकीय देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्त झाला. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेने हा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. लहान संस्थांना फटका बसला तो या दुसऱ्या तरतुदीचा. परदेशी निधी मिळवायचं बळ मोठ्या संस्थांकडे असतं. पाड्यापर्यंत पोहोचायचे पाय लहान संस्थांकडे असतात. मोठी संस्था निधी आणायची आणि गावोगावच्या नोंदणीकृत लहान संस्थांकडे तो वाटून द्यायची, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. ती बंद झाली. शिवाय हा निधी आता स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा. ते खातं उघडायला तेव्हा ३१ मार्च २०२१ ची मुदत होती.

प्रशासकीय खर्चात काय धरायचं, हेही नियमांत आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत. कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, फोन, प्रवास हे धरतात. मग ओसरीवर मुलं घेऊन बसणाऱ्या आमच्या ताईचं काय? शाळा मार्च २०२० पासून बंद होत्या. पाचवी ते आठवीचे वर्ग मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी २७ जानेवारी २०२१ ला उघडले आणि रुग्ण वाढताच पुन्हा बंद होऊ लागले. पहिली ते चौथीचे तर त्या शैक्षणिक वर्षात उघडलेच नाहीत. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, पण पाड्यात दूरचित्रवाणी संच मोजके आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तेव्हा ताई पाच-सहा मुलांना ओसरीवर घेऊन बसायची, खडू-पाटी घेऊन. तिला शिक्षक म्हणायचं की कर्मचारी, यावर आमच्या लेखापरीक्षकाशी अजून वाद चालू आहे. ३ एप्रिल २०२१ ला पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. दुसरीच्या मुलाने वर्षभर वर्ग पाहिला नाही आणि तो तिसरीत गेला. त्याचं वाचन सुटलं नाही, तर ते कुठल्यातरी ओसरीमुळे.

देशातल्या पैशाचंही सोपं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. २८ मार्च २०२० च्या परिपत्रकाने पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम त्यात धरली जाऊ लागली. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर एका धनादेशात काम झालं; पाड्यावरच्या संस्थेला वर्षभर चार भेटी देण्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणी करायची आहे. आयकराची १२ए आणि ८०जी ही तोवर कायम असलेली नोंदणी तेव्हा पाच वर्षांची झाली. नव्याने अर्ज करायला तेव्हा ३० जून २०२१ ची मुदत होती.

यातला एकेक नियम वेगळा घेतला तर समर्थन करता येईल. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण प्रत्येक नव्या अर्जामागे कोणीतरी माणूस बसतं, सनदी लेखापालाची फी जाते, आणि तो खर्च पुन्हा ‘प्रशासकीय’च. कागद वाढवायचे आणि कागद सांभाळणाऱ्याचा पैसा कापायचा, या कात्रीत लहान संस्था आधी सापडते. मोठ्या संस्थेला कायदा बघणारा विभाग असतो. आमच्याकडे जो किट वाहतो, तोच अर्ज भरतो.

तो वसंत

२०२१ ची होळी २८ मार्चला आली. डोंगरात होळीइतका मोठा सण नाही. भट्टीवरची बरीच कुटुंबं चार दिवसांसाठी घरी येतात. त्या चार दिवसांत आम्ही वहीत नवे रकाने घातले: यंदाची उचल किती, गेल्या वर्षीची किती शिल्लक, आठवड्याची खर्ची किती, रेशनकार्ड कोणाकडे आहे. आदल्या हंगामात हिशेब न होताच परतलेल्या कित्येकांची बाकी त्या वर्षीच्या उचलीत जोडली गेली होती. महामारीचं कर्ज असं पुढच्या वर्षात ओढलं जातं, आणि कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

भट्ट्या तेव्हा पेटलेल्या होत्या आणि कोरोनाची रुग्णसंख्या रोज वाढत होती. ४५ च्या पुढच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून लस सुरू झाली, पण पाड्यात लोक विचारायचे, ‘टोचल्यावर ताप आला आणि दोन दिवस काम बुडालं तर?’ प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर द्यायला भिंतीवरचं पत्रक पुरत नाही. ज्याच्या शब्दावर विश्वास आहे असं माणूस दारात जावं लागतं, आणि ताप आला तर दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं.

संस्थेतली माणसं थकली होती, हेही लिहायला हवं. मधले काही महिने पगार अर्धे झाले. काहींच्या घरी आजारपणं झाली. एकजण चांगली नोकरी मिळाली म्हणून गेला, आणि त्याला थांब म्हणायचा आम्हाला अधिकार नव्हता. म्हणून त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आम्ही पहिली ओळ पगाराची लिहिली. वस्तूंच्या ओळी नंतर.

संकट आलं की मदतीचे फोनही सुरू होतात. देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. धान्य द्या, पण त्याबरोबर ते पोहोचवणाऱ्याचा वर्षाचा पगार द्या. तीन महिन्यांच्या प्रकल्पाऐवजी तीन वर्षांचा शब्द द्या. हिशेब जरूर मागा, पावतीसह मागा. फक्त ‘किती किट वाटली?’ या प्रश्नाखाली आणखी दोन प्रश्न लिहा: किती नावं कार्डावर चढली, आणि ती चढवणारीला या महिन्याचा पगार झाला का?