बाटली एकाची, भोग घरादाराला

आठवडेबाजार, जत्रा, लगीनसराई. माल विकून चार पैसे हाती पडतात, जुने दोस्त भेटतात, ‘थोडीशीच’ म्हणून बैठक बसते आणि रात्री त्याच हातांनी मोटारसायकल चालू होते. शेतकरी बंधु-भगिनींनो, या ‘थोडीशी’चा हिशेब एकदा मांडून पाहू.

२०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. सरकारी अहवालात दारू व अमली पदार्थांच्या नावावर शंभरात दोन-तीनच मृत्यू दिसतात. पण त्यावर निर्धास्त होऊ नका. मेलेल्या प्रत्येकाचे रक्त तपासले जात नाही. जिथे तपासणीच नाही, तिथे कागदावर दारू येणार कोठून?

दारू आधी विचार मारते, मग नजर आणि हात. समोरची बिनदिव्याची उसाची ट्रॉली उशिरा दिसते, ब्रेक त्याहून उशिरा लागतो. एक लहान पेग उतरायला तासभर तरी लागतो. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो लवकर उतरत नाही. रात्री दहाला क्वार्टर संपवणारा पहाटे चारला दूध घालायला निघाला, तरी ती अंगात असू शकते.

गांजाचेही तसेच. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या व खोकल्याची काही औषधे गुंगी आणतात. त्यांवर दारू पडली की गुंगी दुणावते. झिंगून पायी चालणाराही सुरक्षित नाही. अंधारात तो ट्रकवाल्याला दिसत नाही.

कायदा सांगतो, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

याहून मोठा दंड मागे राहिलेल्यांना बसतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. मात्र अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात या योजनेत बसत नाही. शवविच्छेदनात मद्य निघाले तर कर्ता माणूसही गेला आणि हक्काच्या मदतीवरही पाणी पडू शकते. सोसायटीचे कर्ज मात्र तसेच उभे राहते.

म्हणून काही गोष्टी घरातच ठरवून टाका. बाजाराला जाताना न पिणाऱ्याच्या हाती गाडी द्या. कोणी प्यायला असेल तर किल्ली काढून घ्या. त्याला रात्रभर तिथेच झोपवा किंवा एस.टी.ने आणा. पिणाऱ्याच्या मागे बायका-मुलांनी बसू नये, मग तो कितीही रागावो. औषध घेताना ‘याने झोप येते का?’ असे डॉक्टरांना विचारा. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या लावा.

व्यसन जडलेच असेल, तर लपवू नका. ते दुखणे आहे, त्यावर उपचार आहेत. सरकारी दवाखान्यात विचारा. किल्ली मागून घेतली तर रात्रभराचा रुसवा होईल. तो सकाळी काढता येतो.