रांगेतला न्याय आणि दिलेली मुदत

आजचा विषय पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी महासंगणकाच्या रांगेत कशाला घुसावं? पण निमित्तच तसं घडलं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पीएच.डी. करते, रेणूंची गणितं मांडते. परवा आली ती तणतणतच. "आजोबा, माझं काम दोन दिवस रांगेत पडलंय, आणि काल रात्री आलेल्याचं सुरूसुद्धा झालं. हा कुठला न्याय?"

न्याय हा शब्द ऐकला की आम्हांला राहवत नाही. तिला म्हटलं, उघड तो लॅपटॉप.

क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पुष्कळ संगणकांचा समूह. त्यातल्या एकेकाला नोड म्हणतात. कुणाचं काम कुठे, केव्हा चालवायचं हे ठरवणारी एक प्रणाली आहे, स्लर्म. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत या शतकाच्या सुरुवातीला ती जन्मली; आपल्या परम ब्रह्म, परम शिवाय या यंत्रांवरही तीच आहे. तिथे माउसचं काम नाही, आज्ञा टाइप करायच्या. 'एस-बॅच' म्हटलं की काम रांगेत लागतं, 'एस-क्यू' म्हटलं की रांग दिसते, 'एस-कॅन्सल'नं काम मागे घेता येतं. काम लावताना आपण दोन गोष्टी सांगतो: किती नोड हवेत आणि किती वेळ. मुदत संपली की काम थांबवलं जातं, मग ते पूर्ण व्हायला पाचच मिनिटं उरलेली का असेनात.

आता रांग. समजा, दहा नोड आहेत. सहा अजून चार तास गुंतलेले, चार रिकामे. रांगेत पहिल्याला दहाही हवेत, म्हणजे त्याला चार तास थांबणं भागच आहे. त्याच्यामागे कुणी दोन नोड, तीन तासांसाठी मागतो. त्याला आत्ता सोडलं तर पहिल्याचं काही बिघडत नाही. म्हणून स्लर्म त्याला पुढे सोडतं. याला बॅकफिल म्हणतात. त्यानंच सहा तास मागितले असते तर थांबावं लागलं असतं.

इथपर्यंत छान. पण हा सगळा डोलारा उभा आहे तो लोकांनी सांगितलेल्या मुदतीवर. आणि लोक काय करतात? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी वाढीव मुदत टाकून ठेवतात. समजा, त्या सहा नोडवाल्यानं ७२ तास लिहिले. स्लर्मनं ते खरं मानलं आणि उरलेल्या चार नोडांवर ५० तासांचं काम सोडलं. प्रत्यक्षात सहावाल्याचं काम पाचच तासांत आटोपलं. आता सहा नोड मोकळे, पण पहिल्याला हवेत दहा! त्याला आणखी ४५ तास थांबावं लागू शकतं. नियम कुणीच मोडला नाही, तरी एकाचं नुकसान झालं. आम्ही चाळीस वर्षं वर्गात वचन आणि कर्तव्य शिकवलं, पण इतकं स्वच्छ उदाहरण हाती लागलं नव्हतं.

अग्रक्रम ठरवताना स्लर्म आणखीही पुष्कळ पाहतं. तुम्ही किती वेळ ताटकळलात, तुमच्या गटानं अलीकडे यंत्र किती वापरलं. जुना वापर हळूहळू विसरलाही जातो: मूळ मांडणीत दर सात दिवसांनी त्याचं वजन निम्मं होतं. ही क्षमाशीलता आम्हांला आवडली. असो.

तर, त्या मुलीनं किती मुदत लिहिली होती? ७२ तास. का? "लॅबमध्ये सगळे तेवढेच लिहितात." जुन्या कामांचा हिशेब दाखवणारी 'एस-अॅक्ट' नावाची आज्ञा आहे, ती चालवायला सांगितली. तसलीच तिची मागची कामं नऊ तासांच्या आत संपलेली! पोरगी जरा वरमली.

म्हणाली, "पण मध्येच तुटलं तर?" भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नये. त्यासाठी कामानं आपली प्रगती अधूनमधून फाइलमध्ये लिहून ठेवावी, म्हणजे तुटलेलं पुन्हा तिथूनच पुढे नेता येतं. शिवाय थोडी सवड ठेवायला कुणाचीच ना नाही.

रांगेतल्या कामाची मुदत 'एस-कंट्रोल' या आज्ञेनं आपली आपल्याला घटवता येते. वाढवायची मात्र व्यवस्थापकांकडूनच. तिनं आमच्यासमोर ७२चे १२ केले. काम पहाटे सुरू झालं.