माझ्याच घरात का?

मागच्या महिन्यात एका वाडीवर बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला आणि उठता उठता एका मावशींनी मला अडवलं. “बाई, तुमी देव मानता का न्हाई, येकदा सांगून टाका.” त्याआधी रेडिओवर मी भुताखेतांविषयी बोलले होते, त्याचा तो राग होता. मी म्हटलं, मावशी, देवापुढं दिवा लावल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. आमचे यजमान मात्र कुठंच हात जोडत नाहीत. चोवीस वर्षं एकाच चुलीवरचं खातोय.

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मग माझा ल्योक का ग्येला? येवढ्या वाडीत त्योच का?”

पुढची हकिकत त्यांना विचारूनच सांगते आहे. नाव-गाव सांगणार नाही. अकरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यातली गोष्ट. मुलगा बावीस वर्षांचा. रात्री जेवून घरात जमिनीवर अंथरूण टाकून निजला. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. थोड्या वेळानं म्हणाला, डोळे उघडत नाहीत. मग जीभ जड झाली, घास काय, थुंकीसुद्धा गिळता येईना. अंगावर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. म्हणजे बाहेरचंच काहीतरी, असं सगळ्यांचं ठरलं आणि त्याला देवऋष्याकडं नेलं. त्यानं अंगारा लावला, तांदूळ टाकले आणि सांगितलं की करणी आहे, घरातल्याच बाईमाणसाचा हात आहे, उगवतीला दार असलेल्या घरातली. उगवतीला दार मावशींच्या जावेच्या घराला. दुपारच्या आत मुलगा गेला. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नाही. मधे एकच भिंत आहे.

मी डॉक्टर नाही, आणि अकरा वर्षांनी छातीठोक सांगणारी मी कोण? पण मण्यार चावल्यावर काय होतं ते सांगते, तुम्हीच ताडून बघा. मण्यार काळी असते, अंगावर पांढरे बारीक पट्टे असतात. ती रात्री हिंडते, घरात येते, अंथरुणात शिरते. दात इतके बारीक की कित्येकदा चावलेलं कळतसुद्धा नाही, माणूस तसाच झोपून राहतो. खूण दिसत नाही, सूज येत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, बोबडी वळते आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. कधी कधी माणसाला सगळं ऐकू येत असतं, पण डोळा उघडता येत नाही की बोट हलवता येत नाही. अशा वेळी दवाखान्यात सर्पविषावरची लस आणि श्वासासाठी यंत्राचा आधार वेळेत मिळाला, तर हाच माणूस उठून घरी चालत येऊ शकतो.

आता तुम्ही विचाराल, मग देवऋष्याकडं गेलेली इतकी माणसं बरी कशी झाली? खोटं नाही ते. होतात बरी. कारण आपल्याकडं चावणारे बरेचसे साप बिनविषारीच असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या. आपल्या भागातले जीव घेणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यांच्यातलाही एखादा चावतो तेव्हा दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मंत्र म्हणा, नाहीतर म्हशीला ओव्या ऐकवा, त्यातली पुष्कळ माणसं बरी होणारच होती. ती मंत्रानं झाली असं म्हणायचं. आणि जो गेला, त्याचं? उशीर केलात, विटाळ झाला, करणी भारी होती. आपल्या गटाच्या वहीत कुणी जमेची बाजू तेवढी लिहिली आणि नावेची कोरी ठेवली, तर आपण ऐकून घेऊ का? महिन्याच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंना धारेवर धरतो आपण. मग ही वही कुणी तपासायची?

वही नीट लिहिली की काय होतं त्याचंही एक उदाहरण सांगते. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची, पोरं तर फार. महाडच्या बाजूला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. नाडी कशी चालते, रक्तदाब कसा वर-खाली होतो, छातीत पाणी कधी भरतं. त्यावरून त्यांना दिसलं की या विषाचा घाला हृदयावर पडतो. मग त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरून पाहिली, आणि विंचूदंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे पोर का मरतंय, कुणाच्या पापानं, असं त्यांनी विचारलं नाही. डंख बसल्यावर शरीरात काय काय होतं, एवढंच विचारलं.

पण मावशींचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो मला घरी येईपर्यंत सोडेना. दवाखान्यात ‘काय झालं’ ते सांगतात. ‘माझ्याच घरात का’ याचं उत्तर तिथं मिळत नाही. डॉक्टरांना तेवढा वेळही नसतो, आणि खरं सांगायचं तर आपल्याशी नीट बोलण्याची सवयही पुष्कळांना नसते. देवऋषी मात्र बसवून घेतो, विचारपूस करतो आणि ‘का’चं उत्तर देतो. म्हणून पाय तिकडं वळतात. नुसतं अडाणी म्हणून त्यावर पडदा टाकता येत नाही.

फक्त त्या उत्तराची किंमत कोण देतं, ते बघा. करणी निघाली की ती कुणाची निघते? जावेची, नाहीतर शेजारच्या विधवेची, मूल नसलेल्या बाईची, नव्या सुनेच्या पायगुणाची. एखाद्या पाटलाची किंवा सावकाराची करणी निघालेली मी तरी ऐकली नाही.

गाडगेबाबांना कुणी नास्तिक म्हणणार नाही. पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. तेच बाबा नवसाला बोकड कापणाऱ्यांना कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारून भंडावून सोडत. आपल्या कायद्यानंही हाच भेद ठेवलाय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी कित्येक वर्षं खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि काही दिवसांतच अध्यादेश निघाला, वर्षअखेर कायदा झाला. पूजा, वारी, भजन-कीर्तन, उपास यांना हा कायदा हात लावत नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं, भूत उतरवायला मारहाण करणं, एखादीला चेटकीण ठरवून छळणं, हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

मग ‘का’चं काय? आमच्या सासूबाई माळकरी. त्या म्हणतात, पांडुरंगाची इच्छा, आपल्याला नाही कळायची. यजमान म्हणतात, कुणाची इच्छा नाही अन् काही नाही. साप उंदरामागं आला, झोपेत हात पडला, तो चावला. जग आपल्याला डोळ्यांपुढं ठेवून चालत नाही. या दोघांचं भांडण माझ्या लग्नापासून चालू आहे आणि ते मिटवायच्या भानगडीत मी पडत नाही. मावशींना मी दोन्ही सांगितलं. एवढंच म्हटलं की या दोन्ही उत्तरांत तुमच्या जावेचं नाव नाही. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “तिनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला.”

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. जावेशी अजून बोलणं नाही. पण तिची नातवंडं जमिनीवर निजतात. “तुमीच रेडिओवर सांगा, म्हंजी तिच्या कानावर जाईल,” असा निरोप होता. म्हणून सांगते. पोरांना खाटेवर निजवा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री उठाल तेव्हा बॅटरी हातात घ्या. साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळून बांधू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन लावा. आणि पहाटे कुणी पोट दुखतंय, पापण्या उचलत नाहीत म्हणून उठलं, तर खूण शोधत बसू नका. गाडी बघा.