बंदराची वाट आणि आपली बाजारपेठ

समुद्रापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील व्यापाऱ्याने बंदर आणि रेल्वे यांच्या राष्ट्रीय धोरणाचा विचार का करावा? या प्रश्नाचे उत्तर खामगावच्या इतिहासातच आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या गावांवरून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावची कापूसपेठ मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिली. म्हणून 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला. त्या निमित्ताने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. मुंबई बंदर असे पेठेच्या दाराशी आले आणि घाटाखाली जिनिंग-प्रेसिंग, अडत व सराफीच्या पेढ्या बहरल्या. आपल्यापैकी अनेक घराण्यांचा उत्कर्ष याच मार्गाच्या आधाराने झाला.

घाटावरचे चित्र वेगळे राहिले. चिखली, देऊळगाव राजा, मेहकर, लोणार या गावांना रेल्वे अद्याप मिळालेली नाही. खामगाव ते जालना या सुमारे 160 किलोमीटरच्या मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची. सर्वेक्षणे झाली, आश्वासनेही मिळाली, रूळ मात्र पडले नाहीत. शेजारच्या जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा येथील व्यापाऱ्यांना आपली प्रतीक्षा अधिकच जाणवली.

दरम्यान राष्ट्रीय धोरणाने वेग घेतला आहे. 2015 मध्ये सागरमाला, 2021 मध्ये गतिशक्ती आणि 2022 मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण आले. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे 76 हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा 2030 पर्यंत 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेने ठेवले आहे.

या धोरणात लहान व्यापाऱ्याचे स्थान कोठे, हे एका साध्या हिशेबाने कळते. रेल्वेला संपूर्ण रेक भरणारा ग्राहक सोयीचा वाटतो. धान्याच्या एका रेकमध्ये साधारण 42 डबे असतात आणि त्यांत पंचवीस हजार क्विंटलहून अधिक माल मावतो. मलकापूर किंवा चिखलीच्या मध्यम पेढीला एवढा माल एकरकमी उभा करणे अवघड असते. वीस फुटी कंटेनरचे मात्र तसे नाही. सुमारे दोनशे क्विंटल सोयाबीन किंवा हरभऱ्याने तो भरतो आणि एक कुटुंबही ते करू शकते. अर्थात कंटेनरला सील लावून सीमाशुल्काचे सोपस्कार जवळपास उरकता आले, तरच हा मार्ग परवडतो. जालन्याजवळ जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतलेल्या ड्राय पोर्टचे, म्हणजेच भूमीवरील बंदराचे महत्त्व येथे आहे. देऊळगाव राजाहून जालना अवघे तीसेक किलोमीटर. मेहकर, सिंदखेड राजा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गानेही ही वाट सुकर केली आहे.

तरीही केवळ रस्त्यावर विसंबणे महागाचे. डिझेलचे दर वाढले, हंगामात ट्रक मिळेनासे झाले, की भाड्याचा भार शेवटी शेतकऱ्याच्या भावावर आणि आपल्या नफ्यावर पडतो. म्हणून रेल्वेची मागणी सोडता कामा नये. ती करताना केवळ निवेदन पुरेसे नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावातून, किती क्विंटल माल कोठे जातो, याचा एकत्रित तपशील व्यापारी संघांनी तयार करावा. मालाचे आश्वासन आकड्यांत दिसले, तर मागणीला वजन येते.

दुसरे काम आपल्या हातचे आहे. चार पेढ्यांनी मिळून एक गोदाम घ्यावे, मालाची प्रत ठरवावी आणि कंटेनर एकत्र भरावा. येथे वजनाचा व प्रतीचा विश्वास हेच भांडवल. व्यवहारशुद्धीचा संस्कार लाभलेल्या समाजाला हे कठीण जाऊ नये. शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईकडे निघालेल्या आपल्या मुलांना गावातच निर्यातीचा व्यवसाय दिसला, तर त्यांतील काही जण वडिलांच्या पेढीवर परत येतील.