जोत्यापासून कव्हरपर्यंत

पालघर तालुक्यातले मुरबे समुद्राच्या काठावर. मधल्या खाडीपलीकडे सातपाटी. इथे घर बांधणाऱ्याने गवंड्याचे चार शब्द तरी नीट जाणून घ्यावेत. जमिनीत गाडलेला तो पाया. त्यावर उचललेला चौथरा म्हणजे जोते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून ते उंच हवे. कौलारू घरात सर्वांत वरचे आडवे लाकूड म्हणजे आढे. तिथून उतरतात ते वासे, त्यांवर रिपा आणि कौले. स्लॅबच्या घरात भार कॉलम आणि बीम पेलतात.

किनाऱ्यावर मात्र सर्वांत मोलाचा शब्द कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. खारेपणा आत शिरला की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून आयएस ४५६ हे मानक किनारी भागात सर्वसाधारणपणे ४५ मिलिमीटर कव्हर मागते. स्लॅब ओतण्यापूर्वी कव्हर राखणारे सळईखालचे ठोकळे मालकाने स्वतः मोजावेत, कोणाची भीड न धरता. समुद्राची खारी वाळू तर मुळीच घेऊ नये.

नोव्हेंबर २०१८पासून पालघर जिल्ह्यातल्याच डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. त्यामुळे भिंतींवर भार असलेल्या घरात दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा आग्रहाने करून घ्यावा.